नगरसेवकाचे मानधन आणि मतदाराचा कौल

सार्वजनिक सेवेचा मोबदला घ्यावा किंवा घेऊ नये, हा प्रश्न आपल्या ज्ञातिसंस्थेच्या सभासदांना अपरिचित नाही. संस्थेचे चिटणीस व खजिनदार दिवसभराचा धंदा आटोपून, दुकानाची फळी लावल्यावर रात्री संस्थेचे हिशेब लिहितात. कोणीही एका पैचे मानधन घेत नाही आणि त्याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. या अभिमानातूनच एक समज आपल्या मनात सहजगत्या रुजला आहे. तो असा की, जो काही घेत नाही तोच खरा लोकसेवक, आणि ज्याने मोबदला घेतला त्याच्या सेवेला उणेपणा आला. ज्ञातिसंस्थेपुरता हा समज शोभून दिसतो. परंतु ज्या सभागृहात लक्षावधी नागरिकांच्या पाण्याचा, रस्त्यांचा आणि करांचा निर्णय होतो, त्या महानगरपालिकेच्या सभागृहालाही तो लागू करता येईल काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास आपल्या समाजबांधवांपुढे संक्षेपाने मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम आपल्या जुन्या व्यवस्थेकडे पाहू. बिनमोबदला अधिकारपद ही कल्पना महाराष्ट्राच्या ग्रामजीवनातील नव्हे. गावचा पाटील आणि कुलकर्णी यांना वतन होते, इनाम जमीन होती, मानपान व हक्क होते. परगण्याचा कारभार पाहणारे देशमुख व देशपांडे आपापला हक्क वसूल करीत. बलुतेदारांना खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. अलुत्या-बलुत्यांच्या याद्या गावोगाव निराळ्या आढळतात आणि त्यांपैकी काही याद्यांत आपल्या शिंपी समाजाची गणना अलुतेदारांत केलेली दिसते. तात्पर्य, गावासाठी जो राबेल त्याच्या पोटाची तजवीज गावाने करावी, हे तत्त्व आपल्या पूर्वजांना मान्य होते. दोष होता तो मोबदल्यात नव्हे, तर तो वंशपरंपरेने चालत राहण्यात. पद लायकीने किंवा लोकांच्या संमतीने मिळत नसे. ते जन्माने मिळे. मुलकी पाटलाचे पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने रद्द झाले, तेव्हा या परंपरेचा एक मोठा खांब कायमचा निखळला.

इंग्रजी अमलात नगरपालिका आल्या आणि त्यांच्याबरोबर बिनवेतन सभासदत्वाची प्रथा आली. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला चालना दिली, हे खरे. परंतु सभासद होणे हा प्रतिष्ठितांचा मान समजला जाई. मतदानाचा अधिकारही कर, मालमत्ता अथवा शिक्षण यांवर अवलंबून असे. त्यामुळे वकील, व्यापारी, जमीनदार आणि निवृत्त अधिकारी यांचीच तेथे वर्दळ राहिली. याला अपवाद नव्हते असे नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने त्यास विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे सांगितले. मंडईच्या खर्चिक इमारतीलाही त्यांचा विरोध होता. मात्र एक गोष्ट आपण विसरतो. जोतीरावांचा कंत्राटाचा व्यवसाय होता व त्यावर त्यांचा चरितार्थ चालत असे. म्हणूनच कोणाच्याही मेहेरबानीवाचून सभागृहात बसून विरोधी मत देणे त्यांना शक्य झाले. स्वतंत्र मताला स्वतंत्र मिळकतीचा आधार लागतो. ज्याच्यापाशी अशी मिळकत नाही, त्याने सभागृहात जावे कसे?

हाच प्रश्न इंग्लंडमधील कामकऱ्यांनी विचारला होता. १८३८ साली चार्टिस्ट चळवळीने लोकांची जी सनद प्रसिद्ध केली, तिच्या सहा मागण्यांपैकी एक मागणी पार्लमेंटच्या सभासदांस वेतन मिळावे, ही होती. ही मागणी पदरात पडण्यास त्र्याहत्तर वर्षे लागली. १९११ साली कॉमन्स सभेच्या सभासदास वर्षाला चारशे पौंड देण्याचे ठरले आणि खाणीत किंवा गिरणीत काम केलेल्या माणसाला कोणा संघटनेच्या वर्गणीवर सर्वस्वी विसंबून न राहता सभागृहात बसता येऊ लागले. त्याही पूर्वी, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात, अथेन्स नगरीत पेरिक्लीझने न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकांना दिवसाचा भत्ता सुरू केला होता. त्या वेळीही धनिकांनी कुरकुर केली होती की, यामुळे लोक आळशी व लोभी होतील. आक्षेप किती जुना आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या देशात या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी स्वातंत्र्यलढ्याने घडविली. १९३१ च्या कराची काँग्रेसने सरकारी सेवकाचे वेतन सामान्यतः महिना पाचशे रुपयांहून अधिक नसावे, असा ठराव केला, आणि १९३७ साली प्रांतांतून आलेल्या काँग्रेस मंत्र्यांनी पाचशे रुपयेच घेतले. येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. कराचीच्या ठरावाने ‘काहीच घेऊ नका’ असे सांगितले नाही. ‘थोडे घ्या, परंतु उघडपणे घ्या’, असे सांगितले. पुढे १९५४ च्या कायद्याने संसदसदस्यास महिना चारशे रुपये वेतन व अधिवेशनकाळी दिवसाला एकवीस रुपये भत्ता ठरला. याप्रमाणे दिल्लीत व राज्यांच्या राजधान्यांत हा प्रश्न तत्त्वतः सुटला. नगराच्या पातळीवर मात्र बिनपगारी मानाची जुनी कल्पना पुष्कळ काळ टिकून राहिली.

आता आपल्या शहराकडे वळू. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी येथे वसविलेले हे नगर पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव त्यास अधिकृतपणे प्राप्त झाले. येथील नगरपालिका निजामी अमलात, १९३६ साली स्थापन झाली. ज्या संस्थानात प्रजेला जबाबदार राज्यपद्धती नव्हती, तेथे नगरपालिकेत सामान्य कारागिराचा आवाज उमटावा, ही अपेक्षाच व्यर्थ होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. प्रौढ मताधिकार मिळाला. ८ डिसेंबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आसपासची अठरा गावे तिच्या हद्दीत आली आणि क्षेत्र सुमारे एकशे अडतीस चौरस किलोमीटर झाले. परंतु महानगरपालिकेची पहिली निवडणूक व्हावयास १९८८ साल उजाडले. तोपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता.

यानंतर घडलेला बदल आपल्यासारख्या समाजांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. राज्यघटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्यासाठी नगरांच्या सभागृहांत जागा राखून ठेवणे बंधनकारक झाले. महाराष्ट्राने १९९४ साली नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी सत्तावीस टक्के जागा राखल्या आणि २०११ साली स्त्रियांचा वाटा एक तृतीयांशावरून निम्म्यावर नेला. आपल्या शहरात हा निम्मा वाटा २०१५ च्या निवडणुकीत प्रथम दिसला. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कोणी सभागृहाची पायरी चढले नव्हते, अशा घरांतील बंधू-भगिनी आता निवडून येऊ शकतात. परंतु राखीव जागा दार उघडते. आत गेलेल्या माणसाच्या घरी चूल कशी पेटावी, याची सोय ती करीत नाही.

आपल्या व्यवसायाचेच उदाहरण घ्या. शिलाईच्या दुकानात मालक स्वतः मापे घेतो, कापड बेततो व कारागिरांना काम वाटून देतो. तो दिवसभर सभेत बसला की कात्री थांबते, आणि कात्री थांबली की मशीन थांबते. लग्नसराईत दोन दिवस दुकान बंद राहिले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाते आणि परत येईलच याची शाश्वती नसते. घरी काज-बटणाचे व तुरपाईचे काम करणाऱ्या भगिनीची स्थिती याहून कठीण. तिचा जेवढा वेळ गेला, तेवढी मजुरी गेली. सर्वसाधारण सभा, समितीची बैठक, प्रभागातील तुंबलेल्या गटाराची पाहणी, दाखल्यासाठी आलेल्या नागरिकाबरोबर कचेरीत हेलपाटा, ही सारी कामे दिवसाउजेडीचीच असतात. ज्याला भाड्याचे उत्पन्न आहे, शेती वाट्याने दिलेली आहे किंवा ज्याचा धंदा नोकर सांभाळतात, त्याला ही कामे पेलतात. म्हणजे पद बिनमोल ठेवले की ते सर्वांना सारखेच खुले राहते, हा भ्रम होय.

आता आकडे पाहू. जुलै २०१७ मध्ये राज्य शासनाने महानगरपालिकांच्या वर्गवारीनुसार नगरसेवकांचे मासिक मानधन वाढविले. मुंबईस पंचवीस हजार, पुणे व नागपूर येथे वीस हजार, ठाणे, नाशिक व पिंपरी-चिंचवड येथे पंधरा हजार आणि उरलेल्या महानगरपालिकांत दहा हजार रुपये ठरले. या उरलेल्यांत आपले शहर येते. त्या वेळी आपल्या सभागृहात एकशे तेरा वॉर्डांचे प्रतिनिधी होते. दहा हजारांप्रमाणे त्यांच्या मानधनाची वर्षाची बेरीज एक कोटी पस्तीस लक्ष साठ हजार रुपये होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ११ लक्ष ७५ हजारांवर होती. म्हणजे दर माणशी वर्षाला सुमारे साडेअकरा रुपये पडले. एका कप चहाच्या किमतीत वर्षभराचा प्रतिनिधी, असा हा हिशेब आहे. २०१९ साली याच शहरासाठी १ हजार ६८० कोटींची पाणीपुरवठा योजना मंजूर झाली. एवढ्या मोठ्या खर्चावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे, त्यांच्या संसाराला शहराकडून मिळणारा हातभार किती तोकडा, हे वाचकांनीच ताडून पाहावे.

परंतु मानधन किती असावे, याहूनही एक मूलभूत प्रश्न आहे. ते ठरवावे कोणी? आपल्याकडे ते मुंबईत, मंत्रालयातून ठरते. ज्या करदात्याच्या खिशातून हा पैसा जातो, त्याला कोणी विचारलेले नाही. आमदार-खासदारांच्या बाबतीत तर ज्यांना घ्यावयाचे तेच ठरवितात. लोकांना त्याची वार्ता दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून कळते, आणि मग चिडलेल्या नागरिकाच्या मनात सर्वच लोकप्रतिनिधींविषयी एकच कडवट भावना उरते.

मतपेटीत व्यक्तीऐवजी प्रश्नाचा कौल टाकणे आपल्या लोकांना अगदीच नवीन आहे, असेही नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या जनतेने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर मतदान केले. विलीनीकरणासाठी फूल व वेगळेपणासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. कौल विलीनीकरणाविरुद्ध गेला आणि मराठी जनतेने तो मनातील खंत बाजूस सारून मानला. आपल्याच महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावात किंवा वॉर्डात गुप्त मतदान घेण्याची तरतूद आहे. ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ या चिन्हांवर कष्टकरी भगिनींनी अनेक ठिकाणी शिक्के मारले आहेत. जी भगिनी दुकानाचा निर्णय करू शकते, ती प्रतिनिधीच्या मानधनाचाही निर्णय करू शकेल, यात शंका कसली?

असा निर्णय प्रत्यक्ष मतपेटीतून झाल्याचे एक बोलके उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचे मोठे शहर आहे. १९५१ साली तेथे जी नगरसनद मंजूर झाली, तिच्यात कौन्सिलच्या सभासदास बैठकीमागे वीस डॉलर द्यावेत आणि वर्षाची रक्कम १ हजार ४० डॉलरांपलीकडे जाऊ नये, असे लिहून ठेवले. सनदेतील शब्द बदलावयाचा तर नागरिकांचे मतदान घ्यावे लागे. हेतू चांगला होता, की सेवाभावी माणसे यावीत. परंतु पुढील दोन दशके तेथे ‘गुड गव्हर्नमेंट लीग’ या, व्यापारी व सुखवस्तू मंडळींच्या गटाचे वर्चस्व राहिले; मेक्सिकन वंशाच्या गरीब वस्त्यांतून फार थोडे लोक सभागृहात पोहोचले. १९७७ साली शहराचे दहा स्वतंत्र मतदारसंघ झाले, तेव्हा त्या वस्त्यांना आपले प्रतिनिधी मिळाले. तेथेही दार उघडले होते, पण पोटाची सोय झालेली नव्हती. १९८१ ते १९८९ पर्यंत महापौर असलेले हेन्री सिस्नेरोस हे त्या पदावर असतानाही विद्यापीठात अध्यापन करून चरितार्थ चालवीत.

महागाई वाढत गेली, वीस डॉलर मात्र तेथेच राहिले. अखेर ९ मे २०१५ रोजी हा प्रश्न मतपेटीपुढे ठेवण्यात आला. शहरातील कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाचा विचार करून सभासदास वर्षाला ४५ हजार ७२२ व महापौरास ६१ हजार ७२५ डॉलर द्यावेत, असा प्रस्ताव होता. बहुसंख्य मतदारांनी त्यास संमती दिली. चौसष्ट वर्षे चाललेली प्रथा लोकांनीच बदलली. यातील मर्म रकमेच्या आकड्यात नाही. ते दोन गोष्टींत आहे. एक, रक्कम सामान्य कुटुंबाच्या मिळकतीशी जोडली गेली. प्रतिनिधी आपल्या मतदारासारखाच जगेल, असे ठरले. दुसरे, ज्यांनी द्यावयाचे त्यांनीच होकार दिला. म्हणून ते घेणाऱ्याला मान खाली घालण्याचे कारण राहिले नाही.

मतदार नेहमीच होकार देतात, असे मात्र नाही. २७ सप्टेंबर १९९२ रोजी स्वित्झर्लंडच्या नागरिकांनी आपल्या संसदसदस्यांचा मोबदला वाढविण्याचा कायदा दोन तृतीयांशाहून अधिक मतांनी फेटाळला. तेथे सभासदत्व हा जोडधंदा मानण्याची परंपरा आहे व लोकांना ती मोडावयाची नव्हती. लोकांना विचारावयाचे तर नकार ऐकण्याचीही तयारी हवी, हा त्यातील धडा होय.

मानधनाविरुद्ध घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा विचार न करता हा विषय संपविणे न्याय्य होणार नाही. पहिला आक्षेप असा की, वेतन मिळू लागले तर लोभी माणसे गोळा होतील. यावर उत्तर इतकेच की, लोभी माणूस दहा हजारांसाठी येत नाही; त्याचे लक्ष कंत्राटावर व भूखंडावर असते. तुटपुंज्या मानधनाने त्याची वाट अडत नाही, प्रामाणिक माणसाची अडते. निवडून आलेल्याचा खर्च कोणीतरी करतोच. तो शहराने उघडपणे केला नाही, तर कोणी धनको पडद्याआडून करतो आणि पुढे सभागृहात हात वर करावयाची वेळ आली की त्याची व्याजासह वसुली होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मानधन घेऊनही जे सभेस येत नाहीत, त्यांचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्यावरचा उपायही सरळ आहे. मानधनाचा काही भाग उपस्थितीशी बांधावा आणि प्रत्येक नगरसेवकाची हजेरी दर वर्षी प्रभागात जाहीर व्हावी. शिलाईची मजुरी कपडा शिवून दिल्यावर मिळते, हा आपला रोजचा व्यवहार आहे.

प्रतिनिधीच नसले तर शहराचे काय होते, याचा अनुभव आपण नुकताच घेतला आहे. एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. प्रथम महामारी, पुढे मागास प्रवर्गाच्या आरक्षणाचा सर्वोच्च न्यायालयातील वाद आणि प्रभागरचनेचा घोळ यांमुळे निवडणूक लांबत गेली. न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मधल्या पाच वर्षांहून अधिक काळात नगरसेवकांच्या मानधनाचा पैसा वाचला, हे खरे. पण नळाला काही दिवसांआड येणारे पाणी आले नाही म्हणजे गृहिणीने कोणाच्या दारी जावे, याचे उत्तर त्या काळात कोणापाशी नव्हते. प्रशासक कितीही कर्तबगार असो, पाच वर्षांनी त्याला आपल्या गल्लीत मत मागावयास यावयाचे नसते. माणशी साडेअकरा रुपये वाचविण्याची ही किंमत स्वस्त होती काय, याचा ज्याने त्याने विचार करावा.

या सर्व इतिहासाचा इत्यर्थ एवढाच की, मोबदला घेतल्याने सेवा बाटत नाही. ती बाटते मोबदला चोरून घेतल्याने. नगरसेवकाचे मानधन शहरातील सामान्य कुटुंबाच्या मिळकतीशी जोडलेले असावे, ते पुढील सभागृहासाठी आधीच ठरावे, आणि शक्य होईल त्या दिवशी त्यावर नागरिकांचा कौल घेण्याची तरतूद कायद्यात व्हावी. तोपर्यंत निदान मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तुमचा चरितार्थ कशावर चालणार, हा प्रश्न आपण संकोच न धरता विचारला पाहिजे.

आणि एक कर्तव्य ज्ञातिसंस्थेचेही आहे. उद्या आपल्यातील एखादा होतकरू तरुण किंवा एखादी शिकलेली सून-लेक सभागृहात निवडून गेली, तर हारतुरे देऊन आपले काम संपत नाही. सभेच्या दिवशी तिच्या दुकानातील अडलेले काम शेजारच्या बांधवाने उरकून द्यावे, मुलांकडे कोणी पाहावे, अंदाजपत्रक वाचून समजावून देणारे आपल्यातील शिक्षक व लेखापाल तिच्या मदतीस उभे राहावेत. असे झाले तर कोणा धनकोचा उंबरठा तिला झिजवावा लागणार नाही आणि सभागृहात तिचा हात तिच्या स्वतःच्या मताने वर होईल. समाजबांधवांनी या सूचनेचा आगामी वार्षिक सभेत अगत्यपूर्वक विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.